संन्याशाला फाशी

रात्री सव्वाबाराला डेटाबेस गेला, तेव्हा मी चहा गाळत होतो.

'गेला' हा शब्द माझा नाही. पडद्यावरच तसं आलं होतं: मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे. मायएसक्यूएल हे नोंदी सांभाळणाऱ्या त्या डेटाबेसचं नाव. हा संदेश ज्याने लिहिला त्याला मराठी येत नसणार, पण 'वारले' म्हणायचं टाळून 'गेले' म्हणायची आपली जी रीत आहे, ती त्याला नेमकी सापडली आहे. कुठे गेला, कशाने गेला, परत येणार का, काही सांगायचं नाही. गेला.

काम म्हटलं तर साधं होतं. आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय जुनं, सरकारी प्रतवारीत 'ब' वर्गाचं. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि अनुदान त्या वर्गावर ठरतं. शाळेत असताना मी तिथला बालसभासद होतो. आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे गावाच्या लेखी मला प्रिंटरपासून क्षेपणास्त्रापर्यंत सगळं दुरुस्त करता येतं. कार्यवाहांचा फोन आला की जुन्या प्रोग्रॅममधली पुस्तकांची यादी नव्या संकेतस्थळावर चढवून द्या, म्हणजे सभासदांना घरबसल्या शोधता येईल. मी म्हटलं, रविवारी करून टाकतो. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोललो आहे तितके रविवार खरंच गेले आहेत.

यादी ६२,४१८ ओळींची. दर ओळीत १४ रकाने: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्गांक, किंमत, शेरा वगैरे. फाईल अवघी ११ एमबीची. लग्नातले चार फोटो याहून मोठे असतात. सर्व्हर महिना पाचेकशे रुपये भाड्याचा, १ जीबी मेमरीचा. ११ कुठे आणि १,०२४ कुठे, असा हिशेब मी केला आणि तिथेच फसलो.

यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, लिहिली होती. तिचं काम तीन टप्प्यांचं होतं. आधी सगळी यादी वाचायची. मग जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड या सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात आणायचा आणि त्या लेखकाची नोंद डेटाबेसमध्ये आधीच आहे का ते बघायचं. शेवटी सगळं एकदम आत ढकलायचं. ४१ हजाराव्या ओळीपर्यंत आकडे छान पळत होते. मग तो संदेश.

मी डेटाबेस बघितला तर तो जिवंत! चालू, ठणठणीत, सुरू होऊन दोन मिनिटं. म्हणजे मेला होता आणि पडलेल्यांना उठवणाऱ्या सिस्टमडी नावाच्या राखणदाराने त्याला पुन्हा उभं केलं होतं. त्याची लॉग फाईल उघडली. साधारणपणे डेटाबेस बंद होतो तेव्हा आवराआवर करतो आणि तसं लिहून ठेवतो: आता थांबतोय, पानं डिस्कवर उतरवतोय, झालं. इथे त्यातलं काहीच नाही. संध्याकाळची एक किरकोळ नोंद आणि तिच्याखाली थेट पुन्हा सुरू झाल्याची ओळ. मधे निरोपाचा एक शब्द नाही.

इथून पुढचे दोन तास मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. जो पडला, त्याचीच चौकशी केली. कनेक्शन फार वेळ रिकामं राहिलं म्हणून तोडलं असेल, असं समजून ती मुदत वाढवली. मूळ मुदत ८ तासांची असते आणि माझी स्क्रिप्ट चार मिनिटंसुद्धा चालली नव्हती, तरी वाढवली. पाठवलेलं पाकीट मोठं झालं असेल म्हणून पाकिटाची मर्यादा वाढवली. कोणीतरी कुठेतरी लिहिलं होतं की बफर पूल, म्हणजे डेटाबेसने स्वतःसाठी राखलेली मेमरी, दुप्पट करा, डेटाबेस खूश राहतो. तोही केला. ज्याचं वजनच जिवावर उठलं होतं त्याला मी आणखी जेवायला बसवत होतो, हे तेव्हा कळलं नाही. सगळं मिळून तीनदा चालवलं, तीनदा गेला, थोडा इकडे थोडा तिकडे. वाचनालयाच्या ग्रुपवर पहाटे दोनला मी लिहून मोकळा झालो: 'डेटाबेसमध्ये दोष दिसतो, उद्या बघतो.' खाली कार्यवाहांचा अंगठा उमटला. ते कधी झोपतात कोण जाणे.

झोपायच्या आधी, निव्वळ सवयीने, कर्नलची, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांना मेमरी वाटून देणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, नोंदवही उघडली. डेटाबेसची लॉग फाईल ही डेटाबेसने लिहिलेली असते, आणि मेलेला लिहू शकत नाही. कर्नल मात्र सगळ्यांच्या वरचा. तिथे तीन ओळी होत्या, तिन्ही वेळांच्या. आउट ऑफ मेमरी. किल्ड प्रोसेस. पुढे क्रमांक, आणि कंसात मयताचं नाव: मायएसक्यूएलडी.

तो गेला नव्हता. त्याला मारलं होतं.

सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतो त्या लिनक्समध्ये या मारेकऱ्याचं नावच ओओएम किलर आहे, आउट ऑफ मेमरी किलर. मेमरी पानापानांनी वाटली जाते; ती पार संपली, कुठूनही चार पानं मोकळी होईनात, की कर्नल त्याला उठवतो. तो प्रत्येक प्रक्रियेला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, गुण देतो आणि सर्वाधिक गुणांची उचलून नऊ नंबरचा संकेत पाठवतो. हा संकेत अडवता येत नाही, ऐकूही येत नाही, म्हणून आवराआवरीला क्षणभरही मिळत नाही. लॉगमध्ये निरोपाचा शब्द नव्हता तो याचमुळे. 

गुण कशाचे देतो, हे मात्र नीट बघण्यासारखं आहे. पूर्वी त्याचा हिशेब बराच गुंतागुंतीचा होता: प्रक्रिया किती वेळ चालली आहे, तिची अग्रता काय, असं बरंच काही धरायचे. २०१०च्या २.६.३६ आवृत्तीत तो नव्याने लिहिला आणि फार सोपा झाला. आता मुख्य प्रश्न एकच: या क्षणी सगळ्यात जास्त मेमरी कोणाकडे आहे? त्यात सर्व्हरच्या कारभाऱ्याने लावलेला उणे हजार ते अधिक हजार असा वशिल्याचा आकडा मिसळतो, आणि निकाल. ज्याला उणे हजार, त्याला हात लावत नाहीत. दूरवरून आत यायचं दार सांभाळणारा एसएसएच स्वतःला हा वशिला लावून घेतो, आणि म्हणूनच सगळं कोसळलं तरी मी आत शिरून पंचनामा करू शकलो.

आता माझ्या सर्व्हरचा त्या रात्रीचा हिशेब मांडतो. संकेतस्थळाचे तीन वर्कर मिळून १८० एमबी, बाकी किडूकमिडूक १३० एमबी. मायएसक्यूएलची आठवी आवृत्ती नुसती बसली तरी साडेतीनशे-चारशे एमबी घेते, ती ४२० वर होती. आणि माझी स्क्रिप्ट, सुरू झाली तेव्हा ३० एमबी, फुगत फुगत २३० च्या पुढे. शेवटचं पान मागितलं ते स्क्रिप्टने. मारेकऱ्याने वर बघितलं, सगळ्यात धष्टपुष्ट कोण? डेटाबेस. तो संध्याकाळपासून आपल्या ४२० मध्ये शांत बसलेला होता, एक एमबीही वाढलेला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेपासून निबंधात वापरत आलो. तिची इतकी शब्दशः अंमलबजावणी पहिल्यांदाच बघितली.

आणि चोर? चोराने मागे वळून तक्रार केली की संन्यासी गेला.

इथे मला एक माणूस आठवला आणि चहा कडू लागला. पण त्याच्याकडे नंतर येतो.

मुळात मेमरी नसताना कर्नलने स्क्रिप्टला 'देतो' म्हटलंच का, असं कोणालाही वाटेल. याचं उत्तर आपल्याकडच्या लग्नात आहे. आठशे पत्रिका जातात आणि स्वयंपाक पाचशेंचा असतो, कारण वधूपित्याला अनुभवाने माहीत असतं की सगळे येत नाहीत. कर्नलही तसाच. प्रोग्रॅम मेमरी मागतात ढीगभर आणि प्रत्यक्ष वापरतात थोडी, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो मागेल त्याला हो म्हणतो आणि खरं पान तेव्हाच देतो, जेव्हा प्रोग्रॅम त्यावर प्रत्यक्ष काही लिहायला जातो. याला ओव्हरकमिट म्हणतात. बहुतेक दिवशी हे छान निभावतं. एखाद्या दिवशी आठशेच्या आठशे जेवायला येतात.

आणि मग पाहुण्यांपैकी एकाला बाहेर काढायचं, कोणाला, तर सगळ्यात जाड त्याला, ही जी पद्धत आहे तिच्यावर खुद्द कर्नल लिहिणाऱ्यांनीही तोंडसुख घेतलं आहे. आन्द्रिस ब्राउअर यांनी २००४ साली कर्नलच्या पत्रव्यवहारात एका विमान कंपनीची गोष्ट रचली होती. ती कंपनी पैसे वाचवायला विमानात इंधन कमी भरते आणि ते संपत आलं की एखादा प्रवासी बाहेर फेकते. मग अभियंते यावर वर्षानुवर्षं विचार करतात की फेकायला प्रवासी निवडायचा कसा: जाडा, म्हातारा की स्वस्त तिकीटवाला? मला ती गोष्ट पूर्वी विनोदी वाटायची.

ओव्हरकमिट बंद करता येतं. तसं केलं की कर्नल कडक हिशेब ठेवतो आणि जास्त मागणाऱ्याला जागच्या जागी नाही म्हणतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या एका डेटाबेसचे लोक आपल्या मार्गदर्शिकेत याचीच शिफारस करतात, कारण त्यांच्याकडे एका कामकऱ्याला असं मारलं की सामायिक मेमरी बिघडली असेल या भीतीने बाकी सगळ्यांनाही घरी पाठवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पण माझ्यासारख्या १ जीबीच्या चाळीतल्या खोलीत कडक हिशेब लावला तर निम्मे प्रोग्रॅम उठायलाच नकार देतील. नाही म्हणायलाही ऐपत लागते.

आता ११ एमबीचे २३० कसे झाले ते.

वाचनालयाची यादी टाइप झाली ती जुन्या मराठी फॉन्टांच्या दिवसांत. त्या फॉन्टांत मराठी अक्षर हे खरं इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं चित्र असे. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर इंग्रजी अक्षरांची कोशिंबीर. एका खुणेला एक बाइट. युनिकोडमध्ये आणताना वेलांटी व्यंजनाच्या आधीची मागे न्यावी लागते, रफार मागचा पुढे आणावा लागतो, आणि दर वेळी एखादा 'र्‍य' असा निघतो की सगळे नियम गुंडाळून ठेवावे लागतात. ते असो. मुद्दा असा की युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. 'ग्रंथालय' हा शब्द घ्या. आपल्या डोळ्यांना चार अक्षरं. युनिकोडला आठ खुणा: ग, पायमोड, र, अनुस्वार, थ, काना, ल, य. डिस्कवर २४ बाइट. इंग्रजीतली लायब्ररी सात बाइटांत मावते. माझी ११ एमबीची फाईल नुसती मराठी झाली आणि २७ एमबीची झाली.

पण तेही सगळं नाही. स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहिली त्या पायथॉनमध्ये मजकुराचा प्रत्येक छोटा तुकडा नुसता राहत नाही. त्याच्याभोवती वेष्टन असतं: हा कोण, किती लांब, किती जण याला धरून आहेत. आवृत्तीनुसार थोडं कमीजास्त, पण पन्नास ते पाऊणशे बाइट धरा. 'शेरा' या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'बरी' एवढंच लिहिलं होतं, म्हणजे तीन खुणांचं पुस्तक आणि पाऊणशे बाइटचं कव्हर. ६२,४१८ गुणिले १४ म्हणजे ८ लाख ७३ हजार तुकडे. आणि मी काय केलं होतं? जुनी यादी पूर्ण धरून ठेवली होती आणि तिच्याशेजारी नवी यादी रचत होतो. काम पुरं झालं असतं तर सतरा लाख तुकड्यांच्या नुसत्या वेष्टनाचेच शंभरेक एमबी झाले असते.

म्हणजे पुस्तकांपेक्षा पुस्तकांची यादी जड. हे वाचून कोणी हसू नये, कारण हीच गोष्ट मंगळावर घडलेली आहे. नासाची स्पिरिट ही बग्गी जानेवारी २००४ मध्ये तिथे उतरली आणि तीन आठवड्यांच्या आत बंद पडून पुन्हा सुरू, पुन्हा बंद, अशा चक्रात सापडली. तिच्या फ्लॅश साठ्यात प्रवासापासूनच्या फायली साचल्या होत्या. साठ्यात जागा होती. पण दर वेळी सुरू होताना त्या फायलींची यादी मेमरीत धरायला जेवढी जागा लागायची तेवढी राखून ठेवलेली नव्हती. यादी मावेना, की यंत्र पुन्हा सुरू. अभियंत्यांनी शेवटी तिला साठ्याकडे न बघता उठायला लावलं आणि मग सफाई केली. रात्री अडीच वाजता हे आठवून मला जरा बरं वाटलं. निदान माझा सर्व्हर रिक्षाच्या अंतरावर नसला तरी याच ग्रहावर होता.

मला वाटतं, निम्मा घोटाळा 'मेमरी' या शब्दाचा आहे. आपण तिला मराठीत स्मृती म्हणतो. पण रॅम ही स्मृती नाहीच, वीज गेली की कोरी. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. कोठीत मणभर धान्य असू दे, पोळ्या लाटायच्या त्या ओट्यावर, आणि ओट्यावर जेवढी जागा तेवढंच पीठ मळता येतं. डिस्क ही कोठी. आणि या घराला माळाही असतो, त्याला स्वॅप म्हणतात. ओट्यावर जागा उरली नाही की कमी लागणारी भांडी माळ्यावर टाकायची. माझ्या भाड्याच्या सर्व्हरला माळा नव्हता, स्वस्तातल्या बऱ्याच सर्व्हरना नसतो.

तेव्हा पहिला उपाय म्हणून मी माळा बांधला. २ जीबीची स्वॅप फाईल. या वेळी कोणी मेलं नाही, पण जे झालं ते मरणापेक्षा फारसं बरं नव्हतं. डेटाबेसला एक भांडं लागलं, ते माळ्यावर. ते काढायला जागा नाही म्हणून स्क्रिप्टचं एक वर टाकलं. पुढच्या क्षणी स्क्रिप्टला तेच हवं. अख्खा सर्व्हर शिडीवर चढ-उतर करत होता आणि पोळी एकही लाटली जात नव्हती. वाचनालयाचं पहिलं पान उघडायला दीड मिनिट. पाऊण तासाने मी स्वतःच स्क्रिप्ट मारली. माळा मात्र ठेवला. थोडी अडचण निभावायला माळा चांगला, माळ्यावर संसार करता येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे मेमरी वाढवणं. एक बटण दाबायचं, १ चे २ जीबी, भाडं दुप्पट. ऑफिसमध्ये मी हेच केलं असतं, दोन मिनिटांत, कोणाला न विचारता. इथे ते पैसे सभासदांच्या वर्गणीतून जाणार होते, आणि तेही एकदाच करायच्या कामासाठी दर महिन्याला. गरिबीने मला चांगला प्रोग्रॅमर केलं, असं मी म्हणणार नाही. पण श्रीमंतीने आळशी केलं होतं, एवढं खरं.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक सुरू झाला. आपल्याकडे बांधलेल्या पहिल्या संगणकांपैकी तो एक. त्याची मेमरी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या भाषेत १० केबी. तेवढ्यात शास्त्रज्ञ आपली गणितं बसवत होते. माझ्या भाड्याच्या सर्व्हरकडे त्याच्या एक लाख पट ओटा होता आणि मी म्हणत होतो, जागा नाही.

खरी चूक कुठे झाली हे दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर दिसलं. स्क्रिप्ट मी तपासली होती. पहिल्या ५०० ओळींवर चालवून, एकेक रकाना डोळ्यांखालून घालून. सगळं बरोबर होतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. पण शितावरून भात शिजला की नाही एवढंच कळतं. पातेलं पुरेल का, हे शिताला विचारून उपयोग नाही.

नवी स्क्रिप्ट जुनीपेक्षा लहान झाली. आता ती एक ओळ वाचते, मराठी करते, पुढे सरकवते आणि विसरते. ५०० ओळी जमल्या की तेवढ्या डेटाबेसमध्ये घालते, पक्क्या करते, पत्रावळी उचलते आणि पुढची पंगत बसवते. सहाशे पाहुणे आणि शंभरांचा मांडव असेल तर सहा पंगती उठवायच्या, हे गावातल्या कुठल्याही आचाऱ्याला सांगावं लागत नाही. मला सांगावं लागलं, तेही मारेकऱ्याकडून. लेखकांची नावं दर ओळीला विचारण्याऐवजी पंगतीमागे एकदाच विचारली. शिवाय मधेच काही झालं तर कुठपर्यंत आलो ते कळावं म्हणून शेवटचा दाखल क्रमांक वेगळा लिहून ठेवला, आणि तीच ओळ पुन्हा आली तर दुसरी नोंद न होता जुनीच दुरुस्त व्हावी अशी सोय केली. पंगतीत एकाला दोनदा वाढलं तर बिघडत नाही. दाखल नोंदवहीत बिघडतं.

चालवली. स्क्रिप्ट ४५ एमबीला पोचली आणि तिथेच थांबली, पहिल्या हजारालाही तेवढीच आणि साठाव्या हजारालाही तेवढीच. डेटाबेस आपल्या जागी. नऊ मिनिटांत काम संपलं. मी मुद्दाम चहा केला नव्हता.

मग मोजणी केली. फाईलमध्ये ६२,४१८. डेटाबेसमध्ये ६२,४१५.

ग्रंथपाल बाईंना फोन लावला. या बाई मी सातवीत असल्यापासून तिथे आहेत आणि उशिरा आणलेल्या पुस्तकाचा दंड त्यांनी मला एकदाही माफ केलेला नाही.

"बाई, तीन पुस्तकं कमी भरतायत. एकच दाखल क्रमांक दोनदा आलाय असं तीन ठिकाणी दिसतंय."

"क्रमांक सांग."

सांगितले. पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पानं. मोठ्या, लाल पाठीच्या नोंदवह्या आहेत त्या.

"दोन आमच्या टायपिंगच्या चुका आहेत, लिहून घे. तिसरा बरोबर आहे."

"बरोबर कसा असेल? दोन वेगवेगळी पुस्तकं आहेत."

"अरे, पहिलं बाद झालं, वाळवी लागली म्हणून. त्या वेळच्या ग्रंथपालांनी त्याच नंबरावर दुसरं चढवलं. करू नये, पण केलं. शेरा लिहिलाय बघ बाजूला, लाल शाईत."

"मग संगणकात दोन्ही ठेवू?"

"दोन्ही ठेव. गेलेलं पुस्तकही दाखलच असतं. बाद म्हणून लिही, पण काढू नकोस." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "ग्रुपवर तू डेटाबेसचा दोष म्हणून लिहिलं होतंस. तो दोष निघाला का?"

"नाही बाई, माझा होता."

"मग तसं लिही की."

लिहिलं. या वेळीही कार्यवाहांचा अंगठा आला.

आता तो माणूस. २०१४-१५ची गोष्ट, हिंजवडीतलं एक ऑफिस. आमच्या टीमबरोबर एक डेटाबेस सांभाळणारा होता, माझ्याच वयाचा, सोलापूरकडचा. दर महिन्याच्या अखेरीस पहाटे तीनच्या सुमारास डेटाबेस पडायचा, त्याला फोन जायचा, तो उठून उभा करायचा. सकाळच्या बैठकीत प्रश्न त्यालाच. 'तुमचा डेटाबेस पुन्हा पडला.' तुमचा. तो म्हणायचा, लॉगमध्ये काही दिसत नाही, आपसूक पडल्यासारखा पडतो. यावर कोणीतरी हसायचं. एकदा मीच हसलो होतो, हे मला स्पष्ट आठवतं, कारण त्याने माझ्याकडे बघितलं होतं. पाच-सहा महिने हे चाललं. मग कोणीतरी मेमरी दुप्पट करून घेतली, पडणं थांबलं, आणि कारण शोधायचं राहून गेलं. तोवर त्याची बदली दुसऱ्या प्रकल्पावर झालेली होती. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात त्याला काय मिळालं मला माहीत नाही, पण पुढच्या वर्षी त्याने नोकरी सोडली.

त्याच सर्व्हरवर रात्री माझा एक इम्पोर्टचा जॉब चालायचा. बाहेरून आलेली फाईल वाचायची, सगळी, एकदम, आणि मग आत ढकलायची. महिनाअखेरची फाईल रोजच्यापेक्षा तिप्पट असे.

पुरावा काही नाही. ते लॉग कधीच पुसले गेले असतील, सर्व्हरही भंगारात गेला असेल. दुसरंही कारण असू शकेल. मी हे स्वतःला बरंच समजावलं, आणि मग रविवारी दुपारी त्याला मेसेज केला. इतक्या वर्षांनी एकदम काय लिहायचं? कसा आहेस, कुठे आहेस, आणि मग थोडक्यात वाचनालयाची गोष्ट, मारेकऱ्याच्या तीन ओळी, चोर आणि संन्यासी. शेवटी लिहिलं की कदाचित त्या वेळी तुझ्या डेटाबेसचं काही चुकत नव्हतं.

संध्याकाळी उत्तर आलं. बंगलोरला आहे, मुलगी पाचवीत आहे. वाचनालयाबद्दल, म्हणींबद्दल काही नाही. त्याखाली आणखी एक ओळ.

'तुझा जॉब पावणेतीनला लागायचा ना?'

मी 'हो' लिहिलं.